सेन्सर म्हणतो हवा ‘समाधानकारक’, मग पोरं खोकतात का?

एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “आमच्या गावापासून साधारण आठशे मीटरवर तीन खडी क्रशर आहेत. ग्रामपंचायतीने मागच्या वर्षी हवा मोजणारं एक छोटं यंत्र कार्यालयाच्या गच्चीवर बसवलं. त्यावर जवळजवळ रोज ‘समाधानकारक’ दिसतं. शाळेत मात्र खोकणारी मुलं वाढली आहेत, आशाताईही तेच सांगतात. यंत्र चुकतंय की आमचाच गैरसमज होतोय? आणि हे धुळीमुळेच होतंय हे सिद्ध कसं करायचं?”

मॅडम, यंत्र बिघडलेलं नसावं आणि तुमचा गैरसमजही होत नसावा. गच्चीवरचं यंत्र जे मोजतं आणि तुमची मुलं जे श्वासावाटे आत घेतात, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पर्यावरण अभियंता आहे. वीस वर्षांहून जास्त काळ गावोगाव आणि कारखान्यांभोवती हवा मोजतेय आणि सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा यंत्रं गच्चीवरच लावत होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते यंत्र आतून कसं चालतं ते बघू. ग्रामपंचायतीला परवडणाऱ्या यंत्रात बहुतेक वेळा एक बोटभर पंखा, एक बारीक लेझर आणि समोर प्रकाश टिपणारा डोळा असतो. पंखा हवा ओढतो, कणांवर पडून लेझरचा प्रकाश विखुरतो आणि त्यावरून यंत्र कणांचं वजन अंदाजतं. धुराचे बारीक कण, म्हणजे पीएम २.५, याला बऱ्यापैकी दिसतात. जाड धूळ मात्र जवळजवळ दिसत नाही. जड कण त्या छोट्या पंख्याच्या वळणावळणाच्या वाटेत नीट आत येत नाहीत, आणि आले तरी त्यांचा हिशोब बरोबर लागत नाही. पडद्यावर ‘पीएम १०’ (दहा मायक्रॉनपर्यंतचे बारीक आणि जाड असे सगळे कण) म्हणून जो आकडा येतो, तो बऱ्याच यंत्रांत बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. दगड फोडताना, चाळताना आणि डंपर धावताना जी धूळ उडते तिचं बहुतांश वजन जाड कणांचं असतं. म्हणजे ज्या धुळीसाठी तुम्ही यंत्र बसवलं, नेमकी तीच त्याला दिसत नाही.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका, स्वतः बघा. यंत्र खाली आणा, पॉवर बँकेवर जोडा आणि डंपरच्या रस्त्याकडेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे धूळ वाहत तुमच्याकडे येईल अशा बाजूला, अर्धा तास धरून बसा. डोळ्यांना धूळ दिसतेय, दातांत कचकच लागतेय आणि तरी पीएम १० चा आकडा पीएम २.५ च्या जेमतेम वरच घुटमळतोय असं झालं, तर उत्तर मिळालं. पावसाळ्यात याच यंत्राची गंमत उलटी होते. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र नसलेलं प्रदूषण दाखवतं. तेव्हा जुलैच्या धुक्यातल्या मोठ्या आकड्यांनी घाबरून जाऊ नका.

आता ‘समाधानकारक’ या शब्दाबद्दल. आपल्याकडचा हवा गुणवत्ता निर्देशांक कणांच्या बाबतीत २४ तासांच्या सरासरीवर चालतो. पीएम १० ची २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, आणि ५१ ते १०० म्हणजे ‘समाधानकारक’. समजा शाळेच्या सहा तासांत आवारात २५० आहे, क्रशर बंद झाल्यावर आणि रात्रभर मिळून उरलेले अठरा तास ५० आहे. सहा गुणिले २५० म्हणजे १५००, अठरा गुणिले ५० म्हणजे ९००, बेरीज २४००, भागिले २४ म्हणजे बरोबर १००. दिवस ‘समाधानकारक’ ठरला. मुलं मात्र शाळाभर, कबड्डी खेळताना धापा टाकत, अडीचशेची हवा ओढत होती. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या गावचे नाहीत. पण दिवसा चालणाऱ्या प्रत्येक उद्योगाच्या शेजारी हिशोब याच धर्तीचा असतो. म्हणून तुमच्या यंत्रातून दिवसाची सरासरी काढू नका, तासातासाचे आकडे काढा. बहुतेक यंत्रांतून ते उतरवून घेता येतात.

आणि जागा बदला. हे मला कुणी कॉलेजात शिकवलं नाही, एका आजींनी शिकवलं. नोकरीची पहिलीदुसरी वर्षं होती. एका गावात मी समाजमंदिराच्या छपरावर मोठा सॅम्पलर, म्हणजे हवा ओढून धूळ फिल्टरवर जमवणारं यंत्र, लावला होता. रात्रभर त्याची घरघर चालायची, शेजारच्या घरांची झोप जायची. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजी म्हणाल्या, “पोरी, हवा आमी खातो की छपार खातंय? हितं घरात ये की.” मी आत गेले. संध्याकाळची भाकरीची वेळ, चुलीत तुरकाट्या, वर काळं झालेलं आढं, आणि आजींच्या मांडीवर नातू. मिनिटभरात माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुसऱ्या दिवशी मी कमरेला लावायचा छोटा पंप आणि कॉलरला अडकवायची फिल्टरची डबी घेऊन गेले. छपरावरच्या फिल्टरवर फिकट राखाडी छटा होती. आजींच्या फिल्टरवर काजळ बसलं होतं, शाईच्या डागासारखं.

पुढे वाचताना कळलं की कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने हेच काम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत केलं होतं. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून त्याने धूर मोजला, १९८३ मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत हाच धागा धरून ठेवला: धुराड्यातून किती बाहेर पडलं हे तर बघाच, पण त्यातलं माणसाच्या छातीत किती गेलं ते मोजा. आमच्या क्षेत्रात एवढा साधा आणि एवढा मोठा विचार दुसरा मला माहीत नाही. धुराडं एक टन ओकतं आणि त्यातलं फार थोडं माणसांपर्यंत पोहोचतं. चूल किलोभर धूर देते, पण ती दोन हातांवर असते.

म्हणून तुमच्या गावातही क्रशरकडे बोट दाखवण्याआधी घरात बघा. क्रशरवाल्याची बाजू घ्यायची म्हणून हे म्हणत नाही. पुढे तोच तुम्हाला हा प्रश्न विचारणार आहे, तेव्हा उत्तर हातात हवं. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली, सिलिंडर गावागावांत पोहोचला. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या ५८.६ टक्केच घरांत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन होतं. आणि ‘गॅस आहे का’ या प्रश्नाला ‘आहे’ असं उत्तर मिळालं म्हणून चूल विझली असं होत नाही. चहा-भाजी गॅसवर, भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी अंगणातल्या बंबात. तेव्हा मुलांना असं विचारा: आज सकाळी पाणी कशावर तापवलं? भाकऱ्या कशावर केल्या? तेव्हा तू कुठे होतास? घरात कुणी विडी ओढतं का, आई-आजी मिश्री भाजते का? मिश्री भाजतानाचा धूर आपण नेहमी विसरतो.

शाळेतही एक गोष्ट तपासा. एका शाळेत आमच्या यंत्रावर रोज सव्वादहाला मोठं शिखर यायचं, रविवारी यायचं नाही. शेजारचा क्रशरही रविवारी बंद असायचा, त्यामुळे आम्ही जवळजवळ निष्कर्ष लिहूनच टाकला होता. मग एक दिवस मी सकाळी दहालाच जाऊन व्हरांड्यात बसले. सव्वादहाला पाचवीची मुलं खराटे घेऊन आली आणि प्रार्थनेआधी सगळं मैदान झाडलं. धुळीचा लोट उठला आणि त्याच लोटात सगळी शाळा रांगेत उभी राहिली. ती धूळ मुळात क्रशरची आणि रस्त्याचीच होती, पण तिला पुन्हा हवेत उडवत होतो आपण. झाडण्याआधी पाणी शिंपडलं आणि वर्गात झाडूऐवजी ओलं फडकं वापरलं, तर आठवड्यात फरक दिसतो. याला कुणाची परवानगी लागत नाही, हे उद्यापासून करा.

आता खरी मोजणी. पीएम १० चा कायद्याने ग्राह्य आकडा हवा असेल तर फिल्टर लागणारच. पद्धत जुनी आहे आणि माझा जीव तिच्यावरच आहे. कोरा फिल्टर ठरावीक तापमान आणि ओलाव्याच्या खोलीत दिवसभर मुरवायचा, सूक्ष्म तराजूवर तोलायचा, २४ तास हवा त्यातून ओढायची, पुन्हा मुरवायचा, पुन्हा तोलायचा. छोटा सॅम्पलर ताशी एक घनमीटर हवा ओढतो. हवेत मर्यादेइतकी म्हणजे १०० मायक्रोग्रॅम धूळ असेल, तर दिवसभरात फिल्टरवर जमते जेमतेम २.४ मिलिग्रॅम, साखरेच्या मोजक्या दाण्यांएवढी. तेवढ्यावर सगळा निकाल असतो, म्हणून फिल्टरला बोट लागलं तरी तो बाद. हे यंत्र विकत घेऊ नका. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सिव्हिल किंवा पर्यावरण विभागाकडे ते बहुतेक वेळा असतं आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पाला विषय हवेच असतात. प्राचार्यांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. मात्र ज्या अहवालावर तक्रार उभी राहणार, तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच घ्या.

सॅम्पलर ठेवायचा मुलांच्या श्वासाच्या उंचीच्या आसपास, व्हरांड्याच्या कडेला, झाडाखाली किंवा भिंतीच्या कोपऱ्यात नाही. एक शाळेत, एक गावाच्या पलीकडच्या टोकाला वाऱ्याच्या वरच्या अंगाला. वाऱ्यासाठी ध्वजस्तंभाला एक लांब फीत बांधा आणि दर तासाला ती कुठे उडतेय ते मुलांना वहीत लिहू द्या. सोबत दर तासाला किती डंपर गेले, त्यांतले किती ताडपत्री न बांधता गेले, हेही. सातवीची मुलं ही नोंद आमच्या प्रकल्प सहायकांपेक्षा चोख करतात, हा माझा अनुभव आहे.

धूळ कुठली हे ओळखायला आणखी एक स्वस्त उपाय. खिडकीच्या कट्ट्यावर काचेची पट्टी ठेवा, तिला व्हॅसलिनचा पातळ हात लावा. दोन दिवसांनी ती शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. फोडलेल्या दगडाचे कण धारदार कोपऱ्यांचे, करडे, काचेच्या चुऱ्यासारखे दिसतात. काजळी म्हणजे काळे पुंजके. शेतातली माती तांबूस, कडा बोथट. यावरून प्रमाण सांगता येणार नाही, पण तोंडओळख पक्की होते, आणि ग्रामसभेत लोक स्वतःच्या डोळ्यांनी बघतात.

दगडावरून सिलिकाचा, म्हणजे दगडातल्या क्वार्ट्झ या खनिजाच्या धुळीचा, विषय निघतो. तुमचा भाग काळ्या दगडाचा असेल तर एक दिलासा आहे: बेसॉल्टमध्ये मोकळं क्वार्ट्झ फार कमी असतं, त्यामुळे ग्रॅनाइट किंवा गारगोटीच्या धुळीइतका सिलिकोसिसचा, म्हणजे ही धूळ फुप्फुसांत साठून होणाऱ्या आजाराचा, धोका त्यात नसतो. सिंधुदुर्गाच्या काही भागांत किंवा पूर्व विदर्भात असाल तर दगड वेगळा आहे आणि मग ही धूळ तपासून घ्यायलाच हवी. पण मॅडम, या ठिकाणी मला तुमच्या पत्रात एक गोष्ट खटकली. त्यात क्रशरवर काम करणाऱ्यांचा उल्लेखच नाही. तुमच्या शाळेत येणाऱ्या धुळीच्या कितीतरी पट धूळ ते रोज खातात, आणि बऱ्याचदा त्यांची कुटुंबं तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांची मुलं हजेरीपटावर नसतील कदाचित, पण ती या गावच्या हवेतली सगळ्यात जवळची मुलं आहेत. त्यांच्यातल्या कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आशाताईंना सांगून थुंकी तपासा, छातीचा एक्स-रे काढा आणि डॉक्टरांना ‘हा दगडावर काम करतो’ हे आवर्जून सांगा. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाचा धोका जास्त असतो आणि नुसता क्षय म्हणून औषध देऊन मूळ आजार झाकला जातो. सिलिकोसिस हा कायद्याने सरकारला कळवावाच लागणारा आजार आहे. तो कळवला जात नाही, कारण कुणी धंदा विचारत नाही.

राहिला ‘सिद्ध कसं करायचं’ हा प्रश्न. इथे मी तुम्हाला स्पष्ट सांगते: तुमच्या गावात खोकला धुळीनेच झाला हे शास्त्रीय अर्थाने सिद्ध होणार नाही आणि त्यामागे शक्ती घालवू नका. अमेरिकेत हार्वर्डच्या लोकांनी सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षं माग काढला, प्रत्येकाचं वय, धूम्रपान, धंदा हिशोबात धरला, तेव्हा १९९३ मध्ये त्यांना म्हणता आलं की सगळ्यात घाण हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त आहे. चारशे उंबऱ्यांच्या गावात, एका हिवाळ्यात, व्हायरल तापाची साथ चालू असताना असं काही निघणार नाही. चांगल्या हेतूने केलेली कच्ची पाहणी विरुद्ध बाजूचा वकील दहा मिनिटांत फाडतो, आणि मग खरी असलेली धूळसुद्धा खोटी ठरते. एका गावाच्या बाबतीत मी हे जवळून बघितलंय आणि त्या पाहणीत माझाही हात होता. आम्ही खोकल्याची टक्केवारी पुढे केली, धुळीचे आकडे मागे ठेवले. उलटं करायला हवं होतं.

कारण धूळ थांबवायला आजार सिद्ध करावा लागतच नाही. प्रत्येक क्रशरला १९८१ च्या हवा कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं आणि त्यात अटी लिहिलेल्या असतात. साधारणपणे धूळ कोंडणारी आणि पाणी फवारणारी यंत्रणा, वारा अडवणारी भिंत, आवारातला पक्का रस्ता, जमीन नियमित ओली ठेवणं, कडेने झाडांचा पट्टा. तिन्ही क्रशरची संमतीपत्रं माहितीच्या अधिकारात मागवा. ती हातात घेऊन अट क्रमांकासमोर फोटो, तारीख आणि वेळ अशी यादी करा. ‘आमची मुलं खोकतात’ या तक्रारीवर अधिकारी सहानुभूती दाखवून फाइल बाजूला ठेवू शकतो. ‘अट क्रमांक अमुक, फवारणी बंद, या पाच दिवशी, या वेळी’ ही तक्रार बाजूला ठेवणं त्याला अवघड जातं.

मग आरोग्याची नोंद ठेवूच नये का? जरूर ठेवा, पण मुलांसाठी ठेवा, खटल्यासाठी नको. पालकांची लेखी परवानगी घ्या, मुलांची नावं कुठेही बाहेर जाऊ देऊ नका. रोज हजेरी घेताना खोकला, शिट्टीसारखा श्वास, रात्री झोपमोड एवढ्या तीनच खुणा. ज्या मुलाला महिनाभर शिट्टी वाजतेय त्याला बालदम्यासाठी तपासायला हवं. धुळीचा निकाल लागेपर्यंत त्याने थांबायचं कारण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात पीक फ्लो मीटर मिळाला तर उत्तम, फुंकर मारायची साधी नळी असते, मुलं आवडीने फुंकतात. रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत, तेवढ्यावर भिस्त ठेवू नका.

क्रशरमालकांशी बोलणार असाल तर पहिली मागणी रस्त्याची करा. सगळे लोक जबड्याकडे, म्हणजे दगड फोडणाऱ्या यंत्राकडे बघतात. पण मी मोजलेल्या बहुतेक ठिकाणी सगळ्यात जास्त धूळ डंपरच्या कच्च्या वाटेची निघाली. मुख्य रस्त्यापर्यंतचा तेवढा तुकडा डांबरी किंवा काँक्रीटचा झाला, रोज धुतला आणि वेग आवरला, की शाळेतला आकडा उतरतो. दुसरी मागणी, चाळणी आणि पट्ट्यावरून खडी पडते त्या जागा पत्र्याने आणि रबरी पडद्याने बंद करणं. पाणी तिसऱ्या क्रमांकावर. फवारा जाड असेल तर ओल्या चुऱ्याने चाळणीची भोकं बुजतात, कामगार वैतागून पाणी बंद करतो आणि यंत्रणा कागदावर उरते. धुक्यासारखा बारीक फवारा देणारे नोझल लागतात आणि ते गाळलेल्या पाण्यावरच चालतात. तेव्हा फवारणी ‘आहे का’ हे न विचारता दुपारी दोनला जाऊन नोझल चालू आहे का ते बघा.

वेळापत्रक असं ठेवा. पाऊस संपला की तुमचं छोटं यंत्र जवळच्या शासकीय मोजणी केंद्राशेजारी परवानगी घेऊन दहा-पंधरा दिवस ठेवा. दोघांच्या पीएम २.५ मध्ये किती पटीचा फरक पडतो तो लिहून ठेवा, पुढे तोच गुणक वापरायचा. पीएम १० चा आकडा त्याने सुधारणार नाही, तो फिल्टरवरच सोडा. दिवाळीचे फटाके संपल्यावर दोन आठवडे थांबून यंत्र शाळेच्या व्हरांड्यात आणा आणि फिल्टरची मोजणी सुरू करा. थंडीत सकाळी हवा जमिनीलगत कोंडते, तेव्हा चुलीचा धूर आणि दुपारची क्रशरची धूळ वेगवेगळी दिसते. सातला उठणारं शिखर बहुधा गावातल्या बंबांचं असेल, अकरानंतरचं डंपरचं. किमान दोन रविवार सलग मोजा. तासातासाचे आकडे, फितीची वही, डंपरची वही आणि संमतीपत्रांच्या प्रती एकत्र झाल्या की मला लिहा. आलेख कसा काढायचा आणि तक्रारीत कोणता आकडा कुठे टाकायचा, ते आपण बसून करू.